मोकळ्या खुर्चीचा डाव

१

राक्षस तपासणं हा माझा धंदा आहे. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मी नुसतं ‘परीक्षण करतो’ म्हणतो.

टेबलाभोवती बसून, बोलत बोलत, फासे टाकत खेळायचे काही खेळ असतात. एक कल्पित मुलुख, त्यातले किल्ले, जंगलं, राक्षस. खेळणाऱ्यांनी त्या मुलखात एकेक सोंग घ्यायचं आणि आपल्या पाळीला आपण काय करतो ते सांगायचं. अशा मुलखांची पुस्तकं छापायच्या आधी माझ्याकडे येतात. मी ती वाचतो, घरच्यांना घेऊन खेळून बघतो आणि कुठला राक्षस ठेवायचा, कुठल्याला नारळ द्यायचा ते कळवतो. माझी जीभ तिखट आहे असं प्रकाशकांमध्ये म्हणतात. मला ते आवडतं.

या वेळी आलं होतं ‘सावळखोरं’. मी कॉलेजात होतो तेव्हा या मुलखाचं फार वेड होतं. मग तो बाजारातून गेला, लोक विसरले, आणि आता एका संपादकबाईंनी तो पुन्हा उभा करायला घेतला होता. त्यांनी जुनी प्रत आणि नवी प्रत अशा दोन्ही पाठवल्या आणि नवी जुन्याला शोभते का ते सांगा म्हणाल्या. जुनं ते सोनं असं म्हणतात, पण माझा अनुभव असा की जुनं ते बहुतेक वेळा नुसतं जुनंच असतं.

आमचं खेळणं रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर. जेवणाचंच गोल टेबल पुसून घ्यायचं. मी चालक, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा. माझ्यापुढे पुठ्ठ्याचा घडीचा पडदा, त्याच्या आड माझी पानं आणि फासे. माझ्या डावीकडे ही, म्हणजे माझी बायको. तिच्या पलीकडे तिचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो आणि बदली होईपर्यंत आमच्याकडेच राहतो. त्याच्या पलीकडे चष्मेवाले, खालच्या दुकानातले, आमचे जुने खेळगडी. आणि शेवटी, माझ्या उजव्या हाताला, आमची बिट्टी. सहावीत आहे. तिचं सोंग कायम एकच, कुलूप उघडणारी चोरटी.

खेळ चालवायची माझी एक खोड आहे. मी मान वर करत नाही. पडद्याआड आकडे बघायचे असतात, लिहायचं असतं. पेन्सिलीनं टेबलावर एकदा टकटक करायची आणि म्हणायचं, “पुढचा डाव.” ज्याचा डाव असेल तो बोलतो. त्याचं ऐकायचं, फासे टाकायचे, पुन्हा टकटक. इतकी वर्षं झाली, कुणाला नाव घेऊन बोलवायची गरज पडली नाही.

२

नव्या प्रतीतले राक्षस बरे होते. एकाला इतके हात दिले होते की बिचाऱ्यानं स्वतःच्याच हातांत अडकून पडावं. एक तीन तोंडांची म्हैस होती, तिचं मधलं तोंड सारखं जांभया देत असे. ती बिट्टीला फार आवडली. मी शेरे लिहीत गेलो.

शेवटच्या पानांत एक होता, त्याचं नाव ‘सोबती’. चित्र नाही, ताकद किती ते नाही, त्याला मारायचं कसं ते नाही. फक्त एवढंच, की तो बोलावल्याशिवाय येत नाही आणि एकदा डाव मिळाला की राहतो. मी शेजारी लिहिलं, ‘हा राक्षस आहे की पाहुणा?’

जुन्या प्रतीत त्याच्या खाली एक वाक्य जास्त होतं. हा मुलुख खेळताना टेबलाशी माणसांपेक्षा जास्त खुर्च्या ठेवू नयेत, असं. नव्या प्रतीत ते गाळलं होतं. खेळाच्या पुस्तकात खुर्च्या कशा मांडाव्यात हे कशाला सांगायचं? मी शेरा मारला, ‘गाळलं ते बरं केलं.’

त्या रविवारी चष्मेवाले नव्हते. मुलाकडे गेले होते, महिनाभर येणार नव्हते. त्यांची खुर्ची होती तिथेच होती. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. कुणी बसलं की ती एका बाजूला कलते आणि फरशीवर टक् असा आवाज येतो.

खेळ रंगात आला होता. माझी मान खाली. टकटक, पुढचा डाव. हिनं दिवा लावला. टकटक, पुढचा डाव. मेहुण्यानं दार ढकललं. टकटक, पुढचा डाव.

कुणी काही बोललं नाही. पण ती शांतता रिकामी नव्हती. कुणीतरी हळू आवाजात सांगत असावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, तेवढीच ती लांबली. मग मी फासे टाकले, आकडा बघितला आणि म्हणालो, “जमलं.”

कुणाला काय जमलं? मी मान वर केली. ही आणि मेहुणा दोघंही मोकळ्या खुर्चीकडे बघत होते, जरा कौतुकानं. मग ही माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “थांबलात का? चालवा ना पुढे.”

बिट्टी म्हणाली, “बाबा, तिथे कुणी नाहीये. डाव माझा आहे.”

सगळे हसलो. सवयीचा गुलाम, असं मेहुणा मला म्हणाला. मी पेन्सिल उचलली, तेव्हा फरशीवर टक् असा आवाज झाला.

३

घर जुनं झालं की आवाज करतं. लाकूड फुगतं, फरशी बसते. मेहुण्यानं तेवढ्यात पायानं खुर्ची हलवली असेल. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. ठेवला तर माझा धंदा बसेल.

पण त्या आठवड्यात आमच्या जेवणांत कसल्याशा खाचा पडायला लागल्या.

आम्ही जेवताना बोलतो. ही लॅबमधलं सांगते, मेहुणा कुठली लिफ्ट कुठे अडकली ते सांगतो, मी कुणाला तरी नावं ठेवतो. आता मेहुण्याचं बोलून झालं की सगळे थांबायचे. घास हातात, तोंडावर ऐकल्याचा भाव. मग ही “हो का?” म्हणायची किंवा मेहुणा मान हलवायचा, आणि बोलणं पुढे सुरू व्हायचं. मी विचारलं, काय ऐकत होतात? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

एकदा तर मीही थांबलो. घास खाली ठेवला, वाट बघितली, आणि ते बोलणं मला पटलं. काय पटलं ते सांगता येणार नाही. शब्द एकही ऐकला नव्हता. पण पटलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

बिट्टी ताटात बोट फिरवत होती. तिनं शाळेतलं काहीतरी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात ही उठली आणि ताटं उचलायला लागली.

४

पुढच्या रविवारी मी सावध होतो. चष्मेवाल्यांची खुर्ची सोडून द्यायची, हे मनाशी पक्कं केलं होतं. टकटक, ही. टकटक, मेहुणा. टकटक, म्हणून मी बिट्टीकडे वळणार, तेवढ्यात शांतता आली, तीच भरलेली. फासे माझ्या हातातून गेलेही. मग मी पान उलटलं, टकटक केली, आणि ही बोलायला लागली.

“बाबा, माझा डाव राहिला,” बिट्टी म्हणाली.

चुकलो म्हणालो. पुढची फेरी आली, आणि पुन्हा तेच. त्यानंतरच्या फेरीत मी उजवा हात मुद्दाम तिच्या हातावर ठेवून खेळ चालवला, तरीही फेरी संपल्यावर कळलं की तिला विचारलंच नव्हतं. तिचा हात माझ्या हाताखाली होता आणि गार पडला होता. तिनं फक्त एकदाच विचारलं.

“बाबा, माझा डाव येणारच नाहीये का?”

मी खेळ तिथेच थांबवला आणि पुस्तक मिटलं.

खेळ थांबला, पण जे चाललं होतं ते थांबलं नाही. सोमवारी हिनं टेबलावर ताटं मांडली. माझं, तिचं, भावाचं आणि मोकळ्या खुर्चीपुढे एक. बिट्टी उठली, स्वतःचं ताट घेऊन आली आणि स्वतःच वाढून घेतलं. सवय झाल्यासारखी. शाळेची बस ती उभी असताना पुढे निघून गेली, म्हणून मी तिला सोडायला गेलो. वाटेत तिनं सांगितलं की वर्गात बाई हजेरी घेताना तिचं नाव घेत नाहीत. “मी मग आपणच हजर म्हणते,” ती म्हणाली, “पण कुणी लिहीत नाही.”

हे मी हिला सांगितलं. भाजी चिरत होती. मी म्हटलं, बिट्टीकडे आपलं लक्ष नाही, काहीतरी फार वाईट चाललंय. हिनं सुरी थांबवली.

“कुणाकडे?” तिनं विचारलं.

मग तिला आठवलं. आठवलं हे मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. आधी ते तिथे नव्हतं आणि मग आलं. ती घाईनं म्हणाली, “अहो, हल्ली कामाचा किती ताण असतो, ऐकू आलं नाही नीट.” आणि पुन्हा चिरायला लागली. ज्या आईला पोरीचं साधं खरचटणंही सहन व्हायचं नाही, ती ही. मला हिची दया आली आणि भीतीही वाटली.

५

ती खुर्ची मी उचलली आणि गच्चीत नेऊन ठेवली. इतकं सोपं होतं, आधी का सुचलं नाही, असं म्हणत खाली आलो. टेबलाशी आता माणसं तेवढ्या खुर्च्या. जुन्या प्रतीत हेच तर सांगितलं होतं.

जेवायला बसलो. मेहुण्यानं कुठल्याशा इमारतीतली गंमत सांगितली. मग शांतता आली. मी मोकळ्या जागेकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. पण ही तिकडे बघत नव्हती. मेहुणाही नाही. दोघं बिट्टीच्या खुर्चीकडे बघत होते, प्रेमानं, ऐकत.

बिट्टी त्या खुर्चीत नव्हती. ती खुर्चीच्या मागे उभी होती, ताट हातात धरून, पाहुण्यांच्या घरी उभं राहावं तशी.

“बसत का नाहीस?” मी विचारलं.

“जागा नाहीये,” ती म्हणाली.

मी जेवण टाकून गच्चीत धावलो आणि ती आखूड पायाची खुर्ची परत आणून होती तिथे ठेवली. टक् असा आवाज झाला. बिट्टी आपल्या खुर्चीत बसली. मी त्या खुर्चीची पाठ सोडत नव्हतो आणि मेहुणा विचारत होता, “भावजी, बरं नाही का वाटत?”

दुसऱ्या दिवशी मी संपादकबाईंना फोन लावला. त्यांना वाटलं निकाल सांगायला केलाय. छपाई खोळंबली होती. मी विचारलं, हे पुस्तक माझ्याआधी कुणाला तपासायला दिलं होतं का? एका गृहस्थांना दिलं होतं म्हणाल्या, नाव काही आठवत नाही, तुमच्यासारखेच चोखंदळ होते. त्यांचा निकाल आला नाही म्हणून घरी फोन केला होता.

“मुलानं उचलला,” बाई म्हणाल्या. “बाबांना देतो म्हणाला. मग कुणी काही बोललंच नाही हो. पण मला सगळं समजलं. पुस्तक उत्तम आहे म्हणाले.”

मी विचारलं, कोण म्हणालं?

बाई हसल्या. “तेच की. म्हणजे तेच असणार ना?”

६

डोकं शांत ठेवायचं ठरवलं. राक्षस कसलाही असो, त्याला नियम असतो, आणि नियम वाचणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. याला डाव मिळाला आहे आणि तो परत घेता येत नाही. फेरीत डाव तेवढेच राहतात. म्हणजे कुणाचा तरी जाणार. त्याच्या शेजारी बिट्टी बसते, म्हणून तिचा जातोय. ठीक आहे. तिच्याऐवजी माझा जाऊ दे.

पण मला डावच नव्हता. चालकाला डाव नसतो. तो फक्त देतो. इतकी वर्षं त्या पडद्यामागे बसून मी याचा तोरा मिरवला होता, आणि आता लेकीला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

हे समजलं तेव्हा मी न्हाणीघरात दार लावून रडलो. तोंड धुताना दुसरी गोष्ट सुचली. चालकाला डाव नसतो, म्हणूनच चालकाला कुणी वगळूही शकत नाही.

रविवारी जेवणं झाली. टेबल पुसलं. मी पडदा, पानं, फासे, पेन्सिल सगळं उचललं आणि बिट्टीपुढे मांडलं.

“आज तू चालव,” मी म्हणालो. “माझ्या जागेवर ये. मी तुझ्या जागेवर बसतो.”

तिचे डोळे मोठे झाले. केव्हापासूनची तिची इच्छा होती. मीच म्हणायचो, आणखी मोठी हो. ती माझ्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. मी तिच्या कानाशी वाकलो.

“एक लक्षात ठेव. माझ्यासारखं मान खाली घालून चालवायचं नाही. डाव देताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचं. नाव घेऊन डाव द्यायचा. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली.

मी तिच्या खुर्चीत बसलो. उजव्या हाताला मेहुणा हवा, तर मध्ये ती मोकळी खुर्ची. त्या खुर्चीच्या इतक्या जवळ मी कधी बसलो नव्हतो. गादीला मध्ये खड्डा होता. चष्मेवाल्यांच्या वजनाचाच असणार तो.

बिट्टीनं टेबलावर टकटक केली. आणि ही एकदम तिच्याकडे बघून म्हणाली, “बिट्टे, केस किती पिंजारलेत गं तुझे! विंचरत का नाहीस?”

मी डोळे मिटले. इतके दिवस त्या घरात बिट्टीला कुणी साधं रागावलं नव्हतं. मेहुण्यानं तिचा गालगुच्चा घेतला, “आज म्हैस आणणार वाटतं आमच्यावर.” ती लाजली, खुदकन हसली. तिचा आवाज पहिल्यासारखा भरून आला होता. मला वाटलं, झालं. जे मागायचं ते मिळालं, आता माझं काय व्हायचं ते होऊ दे.

७

तिनं छान चालवलं. माझ्यापेक्षा छान. एका विहिरीच्या तळाशी आम्हाला उतरवलं आणि वरचं झाकण लावून घेतलं.

“आई, डाव तुझा,” तिनं हिच्या तोंडाकडे बघून म्हटलं. हिनं दोर चाचपला.

“मामा, डाव तुझा.” मेहुण्यानं भिंतीला कान लावला.

मग माझ्या उजव्या बाजूला फरशीवर टक् असा आवाज झाला. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. डावीकडे बिट्टीच्या पडद्यावर नजर ठेवली होती. पण डोळ्याच्या कडेला जे येतं ते येतंच. टेबलाच्या काठावर एक बाही टेकलेली होती. करड्या स्वेटरची बाही, मनगटापाशी उसवलेली, हिनं तांबड्या दोऱ्यानं टाचलेली.

तो स्वेटर माझा होता. मी माझ्या अंगाकडे बघितलं. माझ्या अंगातही तोच होता.

बिट्टीनं मान वर केली. कबूल केल्याप्रमाणे तिनं सगळ्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं होतं, एकालाही चुकवलं नव्हतं. आता ती माझ्या बाजूला बघत होती. माझ्याकडे नाही. माझ्या थोडं उजवीकडे. तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, जे ती शाळेतून आल्यावर दारात मला बघून हसते.

“बाबा,” ती म्हणाली, “डाव तुझा.”

“बिट्टी,” मी म्हणालो. “मी इकडे आहे.”

ती ऐकत होती. मला नाही. तिनं मान हलवली, ओठ चावून विचार केला, फासे हातात खुळखुळवले आणि टाकले. ही पुढे वाकली, मेहुणाही वाकला.

“जमलं, बाबा!” बिट्टी ओरडली.

ही आणि मेहुणा दोघं हसले. बिट्टी तर खुर्चीत उड्या मारायला लागली, केस तोंडावर, गाल लाल. मग तिनं पेन्सिल उचलली आणि पुन्हा तिच्या आईकडे वळली. फेरी पूर्ण झाली होती.

मी बसून राहिलो. बिट्टी हसली की मला हसू येतंच, तसं ते आलं.